झाडू, गाडगे आणि धर्मशाळा

श्रोतेहो, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याचा डोंगर माणसांनी फुलतो, हे आपल्या भागात कोणाला नव्याने सांगायला नको. बालाघाटच्या या टेकाडावर येडेश्वरीचे ठाणे आहे. सीतेचे रूप घेऊन रामाची परीक्षा पाहायला आलेल्या पार्वतीला रामाने ओळखले आणि ‘येडी’ म्हटले, म्हणून ही येडाई, अशी कथा म्हातारी माणसे सांगतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि वाटेवरच्या रानात हजारो हात चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकतात. चैत्राचे ऊन म्हणजे काय, तेही आपल्याला ठाऊक आहे. लेकुरवाळ्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, नवस फेडायला आलेली नवी जोडपी, सगळी त्या उन्हात असतात. देवीचे दर्शन झाले, खडा वेचून झाला, पुढे काय? पाणी कोठे प्यायचे, भाकरीचे गाठोडे कोठे सोडायचे, रात्री पाठ कोठे टेकायची?

हा प्रश्न किरकोळ वाटतो. इतिहासाच्या पुस्तकांत तर तो सापडतच नाही. राजे कोणत्या किल्ल्यावर उतरले हे आम्ही तारखेनिशी शिकवतो. पण यात्रेला गेलेला गरीब माणूस रात्री कोठे निजला, हे शिकवत नाही. आज ज्या पुरुषाविषयी बोलायचे आहे, त्याने आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे नेमक्या याच प्रश्नाला दिली. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. या नावाने त्याला फार थोडे लोक ओळखतील. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि पाण्यालाही तेच, भाकरीलाही तेच असे मातीचे गाडगे, त्यावरून लोकांनी त्याला जे नाव दिले तेच टिकले. गाडगे महाराज, गाडगेबाबा.

बाबांचे चरित्र सांगताना इतिहासाच्या शिक्षकापुढे एक अडचण उभी राहते. बाबा निरक्षर होते. त्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. आपला कोणी गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते बजावून सांगत. त्यामुळे पंथ नाही, गादी नाही, गादीची बखरही नाही. मग साधने कोणती? एक तर प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या, बाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांनी लिहिलेली चरित्रे. दुसरे म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आठवणी. आणि तिसरे साधन म्हणजे दगड-विटांच्या इमारती, घाट, पाणपोया, गोरक्षणे, शाळा. आठवणींत भक्तीचा रंग चढतो, तो थोडा खरवडून घ्यावा लागतो. इमारती मात्र खोटे बोलत नाहीत. म्हणून मी आज शक्य तेथे इमारतींच्याच बाजूने जाणार आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायी खंगले आणि डेबू आठेक वर्षांचा असतानाच गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी पोर गुरे राखू लागले, मोट हाकू लागले, पुढे नांगर धरू लागले. डेबूला शेतीची भारी आवड, असे सगळे चरित्रकार लिहितात. पण मामाची जमीन सावकाराच्या वहीत अडकलेली होती. देणे फेडता फेडता वही काही मिटेना, आणि अखेर जमीन गेली. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा हा तरुण नांगर सोडायला तयार होईना, अशी हकीकत चरित्रांत आहे. मामा त्या धसक्यातून उठले नाहीत.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बाबांच्या कीर्तनात पुढे पन्नास वर्षे दोन गोष्टी पुनःपुन्हा येत राहिल्या: दारू पिऊ नका आणि कर्ज काढू नका. कोणी म्हणेल, यात काय मोठे? सगळेच साधू असे सांगतात. नाही. बाकीचे साधू हे पोथीतून सांगतात. या माणसाचा बाप दारूने गेला होता आणि मामा कर्जाने. त्याची शिकवण घरच्या दोन मरणांतून आली होती. मुलीच्या बारशाला जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालायची, तर याने गोडधोडाची पंगत घातली आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ज्याला पंगतीतून उठवले जाण्याची भीती ठाऊक आहे, त्याला तिचे मोल समजेल.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले होते. मुले झाली. शेत सावकाराच्या घशात गेले होते तरी कष्टाने घर चालले होते. आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसावे वर्ष सरत आलेले असताना, भल्या पहाटे डेबूजी घर सोडून निघून गेले.

आता येथे थांबायला हवे. चरित्रकार या पहाटेला ‘महाभिनिष्क्रमण’ वगैरे मोठमोठे शब्द वापरतात. पण मागे म्हातारी आई होती, बायको होती, लहान लेकरे होती. त्यांच्या बाजूने ती पहाट कशी होती, हे कोणी लिहिलेले नाही. कुंताबाईंचे म्हणणे आपल्यापर्यंत आलेले नाही, आणि आले असते तर ते गोडच असते असे मला वाटत नाही. बाबांच्या कामाचा हिशेब करताना ही बाजू वजा करून चालणार नाही. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुढची काही वर्षे हा माणूस नुसता चालत होता. गावात शिरायचे, कोणाला काही न विचारता खराट्याने रस्ता झाडू लागायचे. गटारे मोकळी करायची. गाव झाडून झाले की कोणाच्या दारी उभे राहून भाकरी मागायची, तीही काम केल्याबद्दल. शिळी भाकरी, चटणी, गाडग्यात पाणी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. पोरे वेडा म्हणून मागे लागत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी लोक जमत आणि कीर्तन सुरू होई. दिवसा गावाची घाण काढायची आणि रात्री माणसांच्या डोक्यातली, असा हा सरळ क्रम होता.

यात्रेच्या गावी झाडलोटीला त्या काळात केवढा अर्थ होता, हे आजच्या पिढीला समजावून सांगावे लागते. पंढरपूरची वारी आणि पटकी यांची सांगड तेव्हा जणू ठरलेली होती. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे, प्यायला तेच पाणी, धुवायला तेच पाणी. वारीला गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे; म्हणून निघताना घरच्यांचा निरोप घेण्यालाही वेगळीच धार असे. सरकार कधी यात्रेवर बंदी घाली, कधी कर बसवी, पुढे लस टोचू लागले. अशा ठिकाणी एक अडाणी माणूस खराटा घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, देव राहू द्या, आधी ही जागा झाडू या. जंतूंची विद्या त्याला ठाऊक नव्हती. डोळ्यांना दिसत होते तेवढे त्याला पुरेसे होते.

पहिले मोठे बांधकाम मात्र पंढरपूरचे नव्हे, विदर्भातलेच. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौषात रविवारी तेथे यात्रा भरते. नावच ऋणमोचन! कर्जाने मामा गमावलेल्या माणसाने आपल्या कामाला हीच जागा निवडावी, हा योगायोग असेल. पण योगायोग मोठा बोलका आहे. नदीची दरड चिखलाने निसरडी, स्नानाला उतरणारे म्हातारेकोतारे घसरून पडत. बाबांनी स्वतः फावडे-घमेले हाती घेतले, बघ्यांपैकी चार जण पुढे आले, मग चाळीस, आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घालण्याचा परिपाठही येथेच सुरू झाला.

या घाटात बाबांची सगळी कार्यपद्धती दिसून येते. त्यांनी आधी अर्ज केला नाही, वर्गणीची पावतीपुस्तके छापली नाहीत, समिती नेमली नाही. आधी स्वतः खणायला लागले. आमच्या येरमाळ्याच्या रानात चुनखडीचा ढीग जसा होतो ना, तसेच हे. एकाने डोंगर आणलेला नसतो. ज्याने त्याने आपला खडा टाकलेला असतो, आणि पहिला खडा कोणीतरी टाकावाच लागतो.

आता पंढरपूरकडे जाऊ. आपल्या भागाचे आणि पंढरपूरचे नाते जुने. येरमाळा निजामाच्या मुलखात, शेजारची बार्शी इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचे नाके. तरी वारकरी बैलगाडीने, पायी बार्शीला यायचा. तेथून बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी १८९७ पासून कुर्डुवाडीपर्यंत धावू लागली होती, आणि १९०६ साली ती थेट पंढरपूरला पोहोचली. १९११ साली दुसऱ्या टोकाला लातूरपर्यंत गेली. रूळ आले तशी वारीची गर्दी वाढली. पण पंढरपुरात उतरल्यावर राहायचे कोठे? ज्याचा क्षेत्रोपाध्या असेल तो त्याच्या वाड्यात उतरे. ज्याच्याजवळ चार पैसे असतील तो खोली घेई. उरलेले वाळवंटात. आणि त्यातही जे अस्पृश्य मानले गेलेले होते, त्यांना तर पैसे असूनही कोणी ओसरीवर उभे करीत नसे. पायऱ्यांपाशी चोखोबाची समाधी, आणि चोखोबाच्या जातीच्या माणसाला समाधीपुढे एक पाऊल टाकता येत नव्हते, की गावात एक रात्र काढता येत नव्हती.

तेव्हा १९१७ च्या सुमारास गाडगे महाराजांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधायला घेतली, ती या लोकांसाठी. तिला नाव दिले चोखामेळा धर्मशाळा. त्यानंतर मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. आळंदी, देहू, नाशिक येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या.

ही नावे ऐकून आज कोणीही चमकेल. माझे विद्यार्थीही चमकतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. जो माणूस कीर्तनातून जातिभेदावर कोरडे ओढीत होता, माणसाची जात एकच असे सांगत होता, त्याने जातवार धर्मशाळा का बांधाव्यात? हे त्याच्या शिकवणीविरुद्ध नाही काय? या प्रश्नाला बगल देणारी उत्तरे बरीच दिली जातात. मला ती पटत नाहीत. मला वाटते, उत्तर १९१७ सालच्या पंढरपुरातच आहे. सर्वांसाठी म्हणून एक धर्मशाळा बांधली असती, तर तिच्यात कोण उतरले असते? जे उतरू शकत होते तेच. ‘सर्वांसाठी’ हा शब्द दारावर लिहिला की आत सर्वांना जागा मिळते, असे नाही. बाबांना हे पुस्तके वाचून नव्हे, परटाच्या घरी जन्मून ठाऊक झाले होते. म्हणून ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी आधी बांधली आणि तिला संताचे नाव दिले. दुसरे असे की, जातीजातींच्या पैशातून त्या त्या वास्तू उभ्या राहिल्या. वर्गणी गोळा होते ती ज्या नावाने लोक एकत्र येतात त्या नावाने. हा व्यवहार झाला. तो शुद्ध आदर्श होता, असे मी म्हणणार नाही. जातीच्या भिंती त्यांनी पाडल्या नाहीत. पण भिंतीबाहेर उघड्यावर पडलेल्याच्या डोक्यावर छप्पर घातले. यातले कोणते काम आधी करायचे, या प्रश्नावर त्या काळी मोठमोठ्यांचे मतभेद होते, आणि ते क्षुद्र नव्हते.

आणि हेही ध्यानात घ्या, विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडे व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी १ मे पासून १० मे पर्यंत पंढरपुरात उपोषण केले तेव्हा ते घडले. म्हणजे चोखामेळा धर्मशाळा त्याआधी जवळजवळ तीस वर्षे उभी होती. तीस वर्षांत किती आषाढ्या आणि किती कार्तिक्या झाल्या, ते मोजा! बाबा स्वतः पंढरपुरात येत, रस्ते झाडीत, वाळवंटात कीर्तन करीत. विठोबाच्या दर्शनाला मात्र जात नसत, असे सांगतात. पुढे ही चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्याच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्याच्या मुक्कामाची झाली. डॉ. आंबेडकर देवळाच्या वाटेवरून केव्हाच दूर निघून गेले होते, हे बाबांना ठाऊक नव्हते असे नाही. तरी वास्तू त्यांच्याच हाती दिली. बाबांचे मन कळायला मला हे एक देणे शंभर कीर्तनांइतके मोलाचे वाटते.

आता पैशाविषयी. या माणसाच्या शब्दावर लक्षावधी रुपये उभे राहिले. त्या काळचे लक्ष, बरे का! शेठसावकारही देत आणि मोलकरीणही कनवटीचा आणा काढून देई. पण बाबा पैशाला हात लावीत नसत. धर्मशाळा पुरी झाली की तिचे विश्वस्त नेमायचे, कागद करायचा, आणि आपण तेथून निघायचे. आपल्याच बांधलेल्या धर्मशाळेत स्वतः जेवायचे नाही, आपल्या रक्ताच्या माणसाने तेथे हक्क सांगायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. हा दंडक कागदावर राहिला नाही. कुंताबाई नवऱ्याच्या पाठोपाठ आल्या तेव्हा त्यांना धर्मशाळेत खोली मिळाली नाही. त्या झोपडीत राहिल्या, कष्टाचे खाल्ले.

मघाशी मी म्हटले होते की या बाजूकडे पुन्हा येईन. सार्वजनिक पैशाच्या बाबतीतली ही कठोरता पाहून आपण मान डोलावतो, आणि डोलावलीच पाहिजे. विश्वस्तांनी संस्था घरच्या शेतासारख्या वहिवाटल्याची उदाहरणे आपल्याकडे काही थोडी नाहीत. पण त्या कठोरतेचा भार उचलला कोणी? बाबांनी स्वतःहून उचलला. कुंताबाईंना कोणी विचारले नव्हते. ज्या बाईने झोपडीच्या दारातून धर्मशाळेची भिंत पाहिली आणि ती आपली नाही हे मान्य केले, तिचेही त्या भिंतीत काही आहे. पंढरपूरच्या कोनशिलेवर तिचे नाव शोधू नका.

दुसरा प्रसंग १९२३ सालच्या मे महिन्यातला. बाबांचा मुलगा गोविंदा पिसाळलेले कुत्रे चावून वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन रंगात आलेले असताना ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. जगात अशी कोट्यवधी माणसे मरतात, एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे ते काही बोलले आणि पुढे चालू लागले. हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून सांगितला जातो. असेलही. पण बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रोगी, आजारी माणसांसाठी जी पायपीट केली, तिच्यामागे गोविंदाचे मरण अगदीच नव्हते असे मी तरी म्हणू शकत नाही. न रडलेले रडू कोठेतरी जातेच.

कीर्तन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उपरणे, झांजा, पूर्वरंग-उत्तररंग येतो. बाबांचे कीर्तन तसे नव्हते. ते प्रश्न विचारीत. अस्सल वऱ्हाडी बोलीत, समोरच्या हजारोंना, एकट्या माणसाला विचारावे तसे विचारीत. देव किती आहेत? मग गावात किती देव मांडलेत? बाजारातून आणलेला देव विकत मिळतो, तो तुम्हाला काय देणार? बकरे कापता, मग देव वाघ का नाही मागत? लोक हसत, ‘हो’ म्हणत, ‘नाही’ म्हणत, आणि हसता हसता आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देऊन बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानात येई. मध्येच देवकीनंदनाच्या नावाचा गजर होई आणि पुन्हा प्रश्न. शहाण्या प्राध्यापकांनी शिकावी अशी ही पद्धत आहे. आम्ही वर्गात उत्तरे सांगतो आणि मुले ती विसरतात; बाबा फक्त विचारीत, आणि उत्तर ज्याचे त्याने दिलेले असे.

आपल्या सुदैवाने हा आवाज हरवलेला नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत बाबांचे कीर्तन झाले. ते त्यांचे शेवटचे. त्याचे ध्वनिमुद्रण झालेले आहे आणि आजही ऐकायला मिळते. ज्याने एक अक्षर लिहिले नाही, त्याचा कंठ मात्र यंत्राने जपला. श्रोतेहो, तुम्हाला ते मिळाले तर जरूर ऐका. आवाज थकलेला आहे, धाप लागते आहे. पण प्रश्नांची धार तशीच आहे, आणि समोरचे पोलीस शाळकरी पोरांसारखे एका सुरात उत्तरे देत आहेत.

शिक्षणाविषयी बाबांना विलक्षण ओढ होती, ती निरक्षर माणसालाच असू शकते. जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा लोकांकडे हट्ट असे. कर्मवीर भाऊराव पाटलांवर त्यांचा फार जीव. मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे बाबांनी शब्द टाकला, आणि खेर हे बाबांना मानणारे होते. पुढे १९५४ साली कऱ्हाडला रयतचे महाविद्यालय निघाले, त्याला भाऊरावांनी नाव दिले सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय. ज्याला गुरू म्हणवून घेणे नको होते, त्याला सद्गुरू करून टाकले! बाबांना ते कितपत रुचले असेल, कोण जाणे.

उत्तरायुष्यात एक बदल दिसतो, तो इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. आधीच्या धर्मशाळा तीर्थक्षेत्री आहेत: पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक. पण १९५४ साली धर्मशाळा झाली ती मुंबईत, जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. विचार करा, खेड्यातला माणूस दुखणेकरी घेऊन मुंबईला येतो. रोग्याला खाट मिळते. पण सोबतच्या आईने, भावाने रात्री जायचे कोठे? फूटपाथवर. हे कोणाच्या नजरेला पडले? दवाखाने बांधणाऱ्यांच्या नाही, मोठमोठे अहवाल लिहिणाऱ्यांच्याही नाही. जन्मभर यात्रेकरूंच्या मुक्कामाची चिंता केलेल्या माणसाच्या पडले. त्याने ओळखले की वारी आता बदलली आहे. लोक देवळाकडे जात तसे दवाखान्याकडे जाऊ लागले आहेत, तसेच गाठोडे घेऊन, तसेच अनवाणी, आणि तितकेच घाबरलेले.

१९५२ साली या सगळ्या कामांची एक व्यवस्था लावण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले होते. बाबा त्याआधीही विश्वस्तांवर कारभार सोपवून मोकळे होत. आता सगळ्याच संस्था एका व्यवस्थेखाली आल्या. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा हे मिशनचे पुढचे मोठे काम.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. बाबांची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात वाटेतच बाबांनी प्राण सोडला. वय ऐंशी. घर नव्हते, म्हणून मरण वाटेवर आले, असे कोणी म्हणतात; मला वाटते, पन्नास वर्षे वाटेवर राहिलेल्याला ते परके नव्हते. अमरावतीला त्यांची समाधी आहे. अमरावती विद्यापीठालाही आज त्यांचे नाव आहे. डॉ. श्रीराम लागूंनी १९७७ साली ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात त्यांची भूमिका केली, ती अनेकांना आठवत असेल. राज्य सरकारने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि गावोगाव बक्षिसासाठी चढाओढ लागली. चढाओढीने का होईना, गावे झाडली गेली, हे चांगलेच. बक्षिसाची तपासणी उरकली की कोपऱ्यातला खराटा पुन्हा कोपऱ्यात जातो, हा अनुभवही काही नवा नाही. बाबांना बक्षीस देणारा कोणी नव्हता. त्यांना फार तर एक शिळी भाकरी मिळे, आणि ती वेळेवर मिळेलच याचा भरवसा नसे.

बाबांच्या मागे मिशनने मुंबईत दादरला आणखी एक धर्मशाळा उभी केली, १९८४ साली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला येणारे रोगी आणि त्यांच्या सोबतची माणसे तेथे उतरतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. आज औषध, मग आठ दिवस थांबा, मग पुन्हा तपासणी. अशा माणसाला मुंबईत खोली परवडत नाही आणि गावाला परत जाऊन येणेही झेपत नाही. महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातला, आणि महाराष्ट्राबाहेरचाही, माणूस तेथे रुग्णालयाचे कागद घेऊन जातो. कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे तेथे विचारले जात नाही. १९१७ साली पंढरपुरात जी वास्तू बांधता आली नसती, ती ही. आपल्या गावचा कोणी दुखणेकरी घेऊन मुंबईला निघाला असेल, तर त्याला हा पत्ता सांगून ठेवा: दादर पूर्वेला उतरायचे आणि गाडगे महाराज धर्मशाळा कोठे, असे विचारायचे.